टपाल आपलं, पेटी कुणाची?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा ठेवा आणि सवडीने वाचा. विषय ईमेलचा आहे, पण कॉम्प्युटरवाल्यांपुरता नाही.

मागच्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, एका कंपनीचा ईमेल एका सकाळी बंद पडला. कंपनी लहानसहान नव्हे. नायरा एनर्जी. आधीचं नाव एस्सार ऑइल. गुजरातमध्ये वाडिनारला मोठी रिफायनरी, देशभरात सहा हजारांवर पेट्रोल पंप. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास वाटा. १८ जुलैला युरोपियन युनियनने रशियावर निर्बंधांचं अठरावं पॅकेज लावलं, त्यात या रिफायनरीचं नाव आलं. २२ जुलैला कर्मचाऱ्यांचं आउटलुक उघडेना, टीम्स उघडेना. मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली होती.

आता बघा. कंपनी भारतात नोंदलेली. कर्मचारी भारतातले. सेवेचे पैसे भरलेले. भारतातल्या कुठल्या कोर्टाचा आदेश नाही, भारत सरकारचा नाही. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची, आणि टपाल अडकलं भारतातल्या माणसांचं. नायराने दिल्ली हायकोर्टात धाव घेतली. तक्रार अशी, की आमचाच डेटा आम्हाला बघू देत नाहीत. दरम्यान कामकाज थांबू नये म्हणून ईमेलसाठी आधार घेतला मुंबईच्या रेडिफचा. हो, तेच रेडिफमेल, ज्यावर आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनी पहिला पत्ता उघडला होता आणि नंतर विसरून गेलो. ३० जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा पुन्हा सुरू केली. आठ दिवसांचा खेळ. पण त्या आठ दिवसांत देशातल्या बऱ्याच आयटी मॅनेजरांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता : आपला मेल परत आपल्या जागेत आणावा का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कारण ‘परत’ हा शब्द बरोबर आहे. मेल आधी घरातच होता.

आपल्याकडे ईमेल आला तो १९८६-८७ मध्ये, आणि आला मुंबईत. जुहूला एनसीएसटी नावाची सरकारी संशोधन संस्था होती (पुढे २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). डॉ. एस. रमाणी तिचे प्रमुख. एर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला होता, त्यात आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि एनसीएसटी. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून मेल जायला लागला. पद्धत गमतीशीर होती. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं त्याच्याकडे टाकायचा, त्याची पत्रं उचलायचा आणि फोन ठेवायचा. पेशवाईतल्या जासुदासारखं. दिल्ली-मुंबई कायमची भाड्याची लाइन मिळाली ती १९९१ मध्ये, वेग ९.६ केबीपीएस. आज त्या वेगाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा लवकर उतरणार नाही.

त्या काळात ज्याला मेल हवा त्याला स्वतःचा सर्व्हर ठेवावा लागे. दुसरा पर्यायच नव्हता. संस्थेच्या एका खोलीत एसी, त्यात यंत्र, त्या यंत्रात सगळ्यांचं टपाल, आणि खोलीची चावी संस्थेच्याच माणसाकडे. ‘ऑन-प्रिमाइस’ असा जड शब्द आज वापरतात, तेव्हा त्याला नुसतं ‘सर्व्हर रूम’ म्हणत.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. वर्षाला ठरावीक तास आणि त्यासाठी हजारो रुपये. मुंबईकरांचे पत्ते ‘जीआयएएसबीएम’ असल्या अक्षरांनी भरलेले असत, व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावत नसत. मेल सरकारी कंपनीच्या यंत्रात. पुढे २००२ मध्ये व्हीएसएनएल टाटांकडे गेली. मधल्या काळात, १९९६ च्या जुलैत, अमेरिकेत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, त्याच वर्षी मुंबईत अजित बालकृष्णन यांनी रेडिफ. फुकट मेल, कुठल्याही कॅफेतून उघडणारा. हॉटमेल पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं.

खरी उलथापालथ १ एप्रिल २००४ ला झाली. गुगलने जीमेल आणलं आणि १ जीबी जागा देऊ केली. त्या वेळी हॉटमेल २ एमबी देत होतं. लोकांना एप्रिल फूल वाटलं. ते खरं निघालं आणि मग कंपन्यांनी, कॉलेजांनी, वर्तमानपत्रांनी आपापल्या सर्व्हर रूमकडे नव्या नजरेने बघायला सुरुवात केली. एसीचं बिल, यूपीएसच्या बॅटऱ्या, सुटीच्या दिवशी धावत येणारा इंजिनीअर, हे सगळं कशाला? गुगल देतंय ना. २००६ पासून तर गुगलने स्वतःच्या नावाचा डोमेन वापरून मेल चालवायची सोयही दिली, सुरुवातीला फुकट. शाळा-कॉलेजांना तर कितीही जागा घ्या म्हणाले.

क्लाउड म्हणजे हेच. आभाळबिभाळ काही नाही. कुणाच्या तरी इमारतीतलं कुणाचं तरी यंत्र, आणि त्यातली भाड्याची खोली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला ही गोष्ट नवी वाटायला नको. शकुंतला आठवते ना? यवतमाळ-मुर्तिजापूर. किलिक निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची नॅरोगेज लाइन. वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला, तिथून मुंबईला, आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांना. स्वातंत्र्य आलं, देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, पण ही लाइन इंग्रजांच्या काळातल्या त्या खासगी कंपनीच्या नावावर राहिली. गाडी रेल्वेची, गार्ड रेल्वेचा, तिकीट रेल्वेचं आणि रूळ कंपनीचे. दर दहा वर्षांनी करार पुढे ढकलायचा. लाइनचं ब्रॉडगेज करा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, आणि दर वेळी मध्ये मालकीचा प्रश्न उभा. रोजचं सुरळीत चालू असतं तेव्हा मालक कोण हे कुणी विचारत नाही. बदल करायची वेळ आली की कागद निघतात.

मेलचे कागद पहिल्यांदा निघाले ते २०१२-१३ मध्ये. के. एन. गोविंदाचार्य दिल्ली हायकोर्टात गेले. मुद्दा साधा होता. केंद्र सरकारचे अधिकारी सरकारी कामासाठी जीमेल, याहू वापरतात. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो की सरकारी अभिलेख केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत कॉम्प्युटरने तयार केलेली सामग्रीही येते. मग अधिकाऱ्याने जीमेलवरून पाठवलेलं पत्र परदेशातल्या सर्व्हरवर बसतं, त्याचं काय? हे प्रकरण चालू असतानाच, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेची कागदपत्रं फोडली. मोठमोठ्या अमेरिकी कंपन्यांकडचा डेटा तिथली यंत्रणा कसा मिळवते ते जगाला कळलं. (त्याच वर्षी जुलैत आपल्याकडची तार बंद झाली. मरणाची बातमी आणणारी म्हणून बदनाम, पण तारेची प्रत कुठल्या ऑफिसात आहे हे तरी ठाऊक असायचं.)

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ईमेल धोरण अधिसूचित केलं. सरकारी काम फक्त सरकारी मेलवर, म्हणजे एनआयसीच्या. खासगी मेलवर सरकारी पत्र फॉरवर्डसुद्धा करायचं नाही. चांगलं झालं. पण धोरण बांधील होतं केंद्राच्या कर्मचाऱ्यांना आणि राज्यांपैकी जे ती केंद्राची सेवा वापरतात त्यांना. ही फट लक्षात ठेवा, तिच्याकडे येतोच.

दुसरा धक्का पैशांचा बसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने शिक्षणसंस्थांना कळवलं की अमर्याद जागा बंद. जुलै २०२२ पासून एका संस्थेला मिळून १०० टीबी, मग तिथे दोन हजार विद्यार्थी असोत की दोन लाख. मोठ्या विद्यापीठांची पळापळ झाली. पंधरा वर्षांत त्यांनी आपले मेल सर्व्हर भंगारात काढले होते, ते चालवणारी माणसं निवृत्त झाली होती. फुकटची सवय लागली की घरचं कसब जातं, हे बियाण्याच्या बाबतीत आपल्या कापूसवाल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठरलं मग, सर्व्हर घरी आणा. थांबा जरा.

२०२१ च्या मार्चमध्येच उलटी गोष्टही घडली. मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज नावाचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या भोकांमधून हल्लेखोर जगभरातल्या हजारो संस्थांच्या सर्व्हरमध्ये घुसले. आणि फटका कुणाला बसला? ज्यांनी एक्स्चेंज स्वतःच्या जागेत ठेवलं होतं त्यांना. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असलेले सुटले. दीड वर्षाने, २३ नोव्हेंबर २०२२ ला, दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला. तो मेलचा सर्व्हर नव्हता, रुग्णालयाचा होता, पण होता स्वतःच्याच आवारात. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद. देशातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली, दोन आठवड्यांच्या आसपास.

तेव्हा ‘घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित’ हे माझ्या मते अर्धवट बोलणं आहे. घरात ठेवून दार उघडं टाकलं तर चोराला लांब जावं लागत नाही, एवढाच फरक.

मग परत आणणाऱ्यांनी काय केलं? एक उदाहरण अमेरिकेतलं. ‘हे’ नावाची ईमेल सेवा चालवणारी ३७सिग्नल्स ही कंपनी. २०२२ मध्ये त्यांचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलरच्या घरात गेलं. त्यांच्या मालकांपैकी एक, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन, यांनी जाहीर केलं की आम्ही क्लाउड सोडतो. सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि २०२३ मध्ये मेलसेवेसह आपली सॉफ्टवेअरं त्यावर आणली. बिल वर्षाला वीस लाख डॉलरच्या जवळपास उतरलं, असं ते सांगतात. पण हे सर्व्हर त्यांनी ऑफिसात नाही ठेवले. व्यावसायिक डेटा सेंटरमध्ये जागा घेऊन ठेवले. वीज, थंडावा, पहारा दुसऱ्याचा, यंत्र आणि त्यावरचा ताबा आपला. दुसरं उदाहरण जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याचं. त्यांनी ऑक्टोबर २०२५ पर्यंत सरकारी कार्यालयांच्या ४० हजारांवर मेलपेट्या आणि १० कोटींवर मेल-कॅलेंडरच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधून काढून मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. हे एका रात्रीत झालं नाही, आणि कर्मचाऱ्यांनी कुरकूरही भरपूर केली.

हलवायचं म्हणजे नेमकं काय, तेही थोडं समजून घेऊ. हे मी एका सर्व्हरवाल्या मित्राकडून दोन-तीन बैठकांत समजून घेतलं, सोपं करून सांगतो.

पत्त्यात ‘@’ च्या पुढे जे नाव असतं ते डोमेन. त्या नावाची जगभर वाचता येणारी एक नोंद असते, तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. नोंद सांगते : या नावाचं टपाल अमुक यंत्रावर टाका. म्हणजे बिऱ्हाड हलवायचं तर ही पाटी बदलायची. पाटी जगभर पोचायला वेळ लागतो, म्हणून काही दिवस जुनं आणि नवं अशी दोन्ही दारं उघडी ठेवायची. तोपर्यंत जुने मेल एकेक करून नव्या पेटीत उतरवायचे. दहा वर्षांचे मेल असले तर इथेच आठवडे जातात.

मग खरी परीक्षा. मेल येणं सोपं, जाणं अवघड. नव्या सर्व्हरला गावात कुणी ओळखत नाही. तुम्ही पाठवलेलं पत्र जीमेलवाल्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. त्यासाठी ओळखपत्रं लागतात, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी त्यांची नावं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. शिवाय कायमचा आयपी पत्ता लागतो, घरगुती ब्रॉडबँडवर हे जमत नाही. आणि ओळख तयार व्हायला काही आठवडे थोडे थोडे मेल पाठवत राहावं लागतं. नव्या सुनेने एकदम सगळ्या घराचा कारभार हातात घेतला तर कसं, तसं.

राहता राहिली लाइन. बाभुळगावसारख्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच येणार, की महावितरणची लाइन गेली तर मेल बुडतो का? नाही बुडत. ही गोष्ट मलाही नवीन होती. समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन दार वाजवतो. ईमेलची रचना करणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या बेभरवशाच्या लाइनी गृहीत धरल्या होत्या, त्याचा फायदा आपल्याला अजून मिळतो. फक्त लाइन येईपर्यंत तुम्हाला जुना मेल वाचता येत नाही, एवढंच.

या सगळ्यात एक गोष्ट ठळक दिसते. डोमेन तुमचं असेल आणि जुन्या मेलची प्रत तुमच्याकडे असेल, तर पेटी आज गुगलकडे, उद्या रेडिफकडे, परवा आपल्या खोलीत, कुठेही नेता येते. त्रास होतो, खर्च होतो, पण नेता येते. ही दोन्ही तुमच्याकडे नसतील तर सर्व्हर कुठे आहे ही चर्चाच फिजूल आहे.

केंद्र सरकारने गेल्या दोन-तीन वर्षांत जे केलं ते याच चौकटीत बघा. सुमारे १२ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसीच्या जुन्या यंत्रणेवरून झोहोच्या यंत्रणेवर गेले. झोहो तामिळनाडूची कंपनी, श्रीधर वेंबू यांची. स्पर्धात्मक निविदा काढून काम दिलं. पत्ते मात्र तेच राहिले, पुढे जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. कुणी म्हणेल सरकारी घरातून खासगी घरात गेले, कुणी म्हणेल परदेशी नाही ना, बस्स. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पाटी सरकारची राहिली. उद्या झोहोशी बिनसलं तर सरकार बिऱ्हाड उचलू शकतं. अर्थात झोहोच्या करारातल्या अटी आणि सुरक्षेची तपासणी यावर प्रश्न विचारायलाच हवेत. देशी कंपनी म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय?

आता ती फट. दिल्लीत १२ लाख पत्ते हलले. आणि इथे?

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा, एखाद्या तालुका कार्यालयाचा फलक बघा. वर कार्यालयाचं नाव, खाली मोबाईल नंबर, त्याखाली पत्ता, आणि तो किती ठिकाणी ‘ॲट जीमेल डॉट कॉम’ असतो ते मोजा. हे खातं कुणीतरी साहेबांनी किंवा ऑपरेटरने आपल्या मोबाईल नंबरवर उघडलेलं असतं. ओटीपी त्याच नंबरवर येतो. साहेबांची बदली झाली, ऑपरेटरचं कंत्राट संपलं, की पेटी त्यांच्या खिशात बसून दुसऱ्या तालुक्यात जाते. नवीन माणूस नवीन जीमेल उघडतो. नावात मागे एक आकडा वाढतो, बस. एका कार्यालयात मला तीन वर्षांपूर्वीच्या एका मेलची प्रत हवी होती, माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर तोंडी मिळालं : ते खातं आमच्याकडे नाही. लेखी मागितलं तर लिहून आलं, ‘अभिलेख उपलब्ध नाही’.

कागदाच्या काळात असं म्हणणं कठीण होतं. आवक-जावक रजिस्टर असायचं. लाल शाईत नंबर, तारीख, कुणाकडून, कुणाकडे. रजिस्टर हरवलं तर चौकशी लागायची, आणि आजही लागू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आपल्याकडे आहे, त्यात अभिलेख गहाळ किंवा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फायली गायब झाल्या की माहिती अधिकारातले कार्यकर्ते याच कायद्यावर बोट ठेवतात. मेलपेटी गायब झाल्यावर मात्र कुणी बोट ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि त्या पेटीत असतं काय? पीक विम्याच्या तक्रारी. अतिवृष्टीच्या पंचनाम्याच्या याद्या. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावं. बेंबळेच्या कालव्यासाठी गेलेल्या जमिनीचा पत्रव्यवहार. एखाद्या शेतकऱ्याला चार वर्षांनी कोर्टात सिद्ध करायचं असतं की मी ७२ तासांच्या आत कळवलं होतं. त्याच्याकडे पाठवल्याचा पुरावा असेलही, पण पोचल्याचा पुरावा ज्या पेटीत होता ती पेटीच सरकारजमा नाही.

यावर उपाय म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हर बसवा, असं मी म्हणणार नाही. तो चालवायला माणूस नाही, आणि दोन वर्षांत त्याच्यावर फायलींचे गठ्ठे ठेवलेले दिसतील. सरकारी डोमेनचा पत्ता पदाच्या नावाने द्या, व्यक्तीच्या नावाने नको. बदली झाली की चार्ज देताना शिक्के आणि चाव्यांच्या यादीत मेलपेटीही लिहा. यंत्र मुंबईत ठेवा, पुण्यात ठेवा, सरकारला हवं तिथे ठेवा.

तालुक्यातल्या काही कार्यालयांकडे मी माहिती अधिकाराचे अर्ज टाकतो आहे. प्रश्न चारच आहेत : कार्यालयाचा अधिकृत ईमेल पत्ता कोणता, तो कुणाच्या मोबाईल नंबरशी जोडला आहे म्हणजे कार्यालयाच्या की व्यक्तीच्या (नंबर नको, एवढंच सांगा), गेल्या पाच वर्षांत किती वेळा बदलला, आणि जुन्या पत्त्यावरचे मेल आज कुणाच्या ताब्यात आहेत. तुम्हीही आपापल्या तालुक्यात हेच चार प्रश्न टाकू शकता, शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. उत्तरं आली की इथेच टाकीन. तुमच्याकडे आली तर खाली कॉमेंटमध्ये फोटो टाका, फक्त कुणाचं नाव आणि नंबर असेल तर त्यावर पट्टी मारा.